पळताना धाप लागते, बसल्यावर काहीच नाही, असं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ 20 वर्षांचा आहे, सैन्यभरतीची तयारी करतोय, बेळगावच्या मराठा सेंटरला जायचं एवढं एकच डोक्यात. बाकीची पोरं 1600 मीटर मारतात, हा निम्म्यात थांबून गुडघ्यावर हात ठेवून वाकतो, धाप लागते, खोकला पण येतो आणि दहा मिनिटांत परत नॉर्मल. सगळे म्हणाले स्टॅमिना नाही, अंडी खा, केळी खा. गावातल्या डॉक्टरांनी छातीत आवाज येतोय म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला तर हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालीय, 1.2 आहे असं निघालं. बसल्यावर काहीच होत नाही मग पळतानाच का? हळूहळू सराव वाढवला तर सुधारेल का? (एक बहीण)

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. सरावाने झडप उघडत नाही. हृदयाचे डॉक्टर बघून सांगेपर्यंत त्याचं पळणं आजपासून बंद करा.

आता पळतानाच का ते. फुप्फुसातून आलेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उतरतं ते याच झडपेतून. निरोगी माणसात ही वाट 4 ते 6 चौरस सेंटीमीटर असते, तुमच्या भावाची 1.2, म्हणजे आजार बऱ्यापैकी पुढे गेलाय. तरी बसल्यावर चालून जातं कारण वेळ मिळतो. नाडी 70 असताना एक ठोका साधारण 0.86 सेकंदाचा असतो, पळताना नाडी 150 झाली की तोच 0.4 सेकंदाचा होतो, आणि ही काटछाट मुख्यतः होते ती हृदय भरायच्या वेळेत, ठोका मारायच्या वेळेत तेवढी नाही. त्यात पायांना रक्त जास्त हवं, म्हणजे जास्त रक्त, कमी वेळ आणि वाट तेवढीच. टिळकवाडीचं रेल्वे गेट थोडाच वेळ उघडलं तर गाड्यांची रांग मागे कुठवर जाते ते बेळगावकरांना सांगायला नको, तसं इथे रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, तिथला दाब वाढतो, पाणी झिरपायला लागतं, फुप्फुसं जड होतात आणि धाप लागते. तो खोकलाही त्यातलाच. थांबला की नाडी उतरते, झडपेला वेळ मिळतो, दहा मिनिटांत पोरगं ठीक दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात.

एक गोष्ट त्याला खोदून विचारा. लहानपणी घसा दुखून ताप आला आणि मग सांधे सुजले असं झालं होतं का, आज गुडघा, तो बरा होतोय तोवर घोटा? या वयात अशी झडप आपल्याकडे बहुतेक वेळा त्या संधिवाताच्या तापानेच खराब होते, ताप 5 ते 15 वयात येऊन जातो आणि दम लागायला पुढे कित्येक वर्षं जातात. तसं असेल तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 21 दिवसांनी घ्यावं लागतं, बरं वाटतंय म्हणून चुकवायचं नाही. आपल्याकडे पोरींचा हाच आजार पुष्कळदा पहिल्या बाळंतपणात उघडा पडतो, कारण गरोदरपणात रक्त वाढतं आणि नाडीही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण स्टेथोस्कोप नीट लावला असता तर आधीच कळलं असतं.

उपचार चांगला आहे. झडप फार कडक झाली नसेल, गळत नसेल आणि वरच्या कप्प्यात गुठळी नसेल तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करतात, छाती उघडावी लागत नाही. हे जमेल का ते इको बघूनच ठरतं, म्हणून रिपोर्टबरोबर सीडी पण न्या. तोपर्यंत मीठ कमी, ताप आला तर अंगावर काढू नका कारण तापातही नाडी वाढते, आणि रात्री आडवं पडल्यावर धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं किंवा छातीत एकदम अनियमित धडधड सुरू झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

भरतीच्या मेडिकलमध्ये अशी झडप चालत नाही. हे त्याला घरात कुणी रागाने बोलून कळू देऊ नका. डॉक्टरांसमोर त्यालाच बसवा, इकोच्या स्क्रीनवर झडप कशी अर्धवट उघडतेय ते दाखवायला सांगा आणि फुगा झाल्यावर काय काय करता येईल हे त्याच भेटीत त्याला स्वतःला विचारू द्या.