स्टुडिओबाहेरचा निर्माता : ऑस्कर मिशो

प्रश्न : म्हापशाच्या ए. एल. जेरी ब्रागांझा यांनी १९५० साली ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी चित्रपट काढला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोठ्या स्टुडिओचा आधार नसताना चित्रपट काढणारे आणि त्याच व्यवसायात आयुष्य घालवणारे निर्माते अमेरिकेत सुरुवातीच्या काळात होते का? असल्यास त्यांना पैसा कोण देत असे?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : असे निर्माते होते. मात्र भांडवल, वितरण आणि प्रदर्शन या तिन्ही गोष्टी स्वतःच्या अंगावर घेऊन दीर्घकाळ टिकलेल्यांची नावे शोधू लागले की ऑस्कर मिशो यांच्यापाशी थांबावेच लागते. १९१९ ते १९४८ या काळात या कृष्णवर्णीय निर्माता-दिग्दर्शकाने चाळीसहून अधिक चित्रपट काढले, आणि तेही अशा देशात, जिथे दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शेजारी बसून चित्रपट पाहण्याचीही मुभा नव्हती.

मिशो यांचा जन्म १८८४ साली इलिनॉय राज्यातील मेट्रोपोलिस गावाजवळ झाला. शिकागोत पडेल ते काम केल्यानंतर ते रेल्वेच्या शयनयान डब्यांत पोर्टर म्हणून लागले. प्रवाशांचे सामान उचलणे, बिछाने घालणे, बूट पुसणे असे ते काम होते. पण त्यातून देश पाहायला मिळाला आणि गाठीला चार पैसे जमले. त्या पैशांतून त्यांनी साउथ डकोटा राज्यात जमीन घेतली आणि जवळजवळ सर्व गोऱ्याच असलेल्या वस्तीत शेती सुरू केली. दुष्काळ आणि कर्ज यांत ती जमीन गेली. पुढे त्यांनी स्वतःच्या अनुभवांवर कादंबऱ्या लिहिल्या, पदरमोड करून छापल्या आणि दारोदार फिरून विकल्या. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म या फेरीत आहे, कारण वस्तू तयार करण्याआधी ती विकायची कशी, हे ते इथेच शिकले.

‘द होमस्टेडर’ ही त्यांची कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर चित्रपट काढण्याची इच्छा कृष्णवर्णीयांच्याच मालकीच्या लिंकन मोशन पिक्चर कंपनीने दाखवली; परंतु चित्रीकरणावर आपली देखरेख असावी, हा मिशो यांचा आग्रह कंपनीला मान्य झाला नाही आणि बोलणी फिसकटली. तेव्हा त्यांनी आयोवा राज्यातील सू सिटी येथे स्वतःची कंपनी काढली आणि आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांना तिचे शेअर ७५ ते १०० डॉलर भावाने विकले. हे त्यांची पुस्तके विकत घेणारे, त्यांना शेतकरी म्हणून ओळखणारे लोक होते. आपल्याकडे जत्रेच्या नाटकासाठी गावातून वर्गणी जमते, तशी ही ओळखीवर उभी राहिलेली रक्कम होती. फरक इतकाच, की इथे देणाऱ्याला नफ्याची अपेक्षा होती. आठ रिळांचा तो मूकपट १९१९ साली शिकागोत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

पैसा कोण देत असे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या चित्रपटापुरते असे असले, तरी पुढचे चित्रपट निराळ्या मार्गाने निघाले. मोठ्या स्टुडिओंकडे स्वतःच्या वितरण कचेऱ्या होत्या आणि पुढे तर चित्रपटगृहांच्या साखळ्याही त्यांच्याच मालकीच्या झाल्या. मिशो यांच्याकडे यातले काहीच नव्हते. कृष्णवर्णीय वस्त्यांतील मोजकी चित्रपटगृहे आणि दक्षिणेतील गोऱ्यांच्या चित्रपटगृहांत मध्यरात्री फक्त कृष्णवर्णीयांसाठी होणारे खेळ, एवढीच त्यांची बाजारपेठ होती. एक चित्रपट घेऊन ते या थिएटरमालकांकडे जात, तेव्हा पुढच्या चित्रपटाची कथा आणि नटनट्यांची छायाचित्रेही बॅगेत असत. ती टेबलावर मांडून, हा चित्रपट तुमच्याकडे आधी लागेल असे सांगून ते आगाऊ रक्कम उचलत आणि त्या रकमेवर चित्रीकरण सुरू करत. लॉरेन्झो टकर या देखण्या नटाची जाहिरात, हॉलिवूडचा त्या काळचा लाडका नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याच्या नावावरून, ‘कृष्णवर्णीय व्हॅलेंटिनो’ अशी होई, तीही याच गरजेतून. ज्याचे नाव आधी ऐकलेले नाही, त्याच्यासाठी थिएटरमालक आगाऊ पैसे कशाला देईल?

हा व्यवहार जितका चतुर, तितकाच धोक्याचा होता. प्रती मोजक्याच काढलेल्या असत आणि त्याच गावोगाव फिरून झिजत. शिवाय प्रत्येक राज्याचे, कधी कधी प्रत्येक शहराचे सेन्सॉर वेगळे. १९२० सालच्या ‘विदिन अवर गेट्स’मध्ये जमावाने निरपराध कुटुंबाला फासावर लटकावल्याचे दृश्य होते. आदल्याच वर्षी शिकागोत वांशिक दंगल होऊन गेल्यामुळे तेथील सेन्सॉर मंडळाने चित्रपट आधी नाकारला आणि परवानगी मिळाल्यावरही वाद थांबला नाही. कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन यांचा पहिला चित्रपट ‘बॉडी अँड सोल’ (१९२५) हाही न्यूयॉर्कच्या सेन्सॉरमध्ये अडकला आणि त्याचे पुन्हा संकलन करावे लागले. मिशो अशा वादांचा जाहिरातीसाठी उपयोग करून घेत. पण सेन्सॉरपायी चित्रपट अडकून पडला, की आगाऊ घेतलेली रक्कम मात्र डोक्यावर बसे.

१९२८ साली कंपनीचे दिवाळे निघाले. बोलपट आल्यावर खर्च आणखी वाढला, कारण ध्वनिमुद्रणाची यंत्रणा भाड्याने घेणे आले, आणि त्याच सुमारास आर्थिक मंदीने वस्त्यांतील छोटी चित्रपटगृहे कोलमडली. मिशो पुन्हा उभे राहिले ते न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील फ्रँक शिफमन आणि लिओ ब्रेकर या गोऱ्या थिएटरमालकांच्या भांडवलावर. ‘द एक्झाइल’ (१९३१) हा त्यातून निघालेला बोलपट कृष्णवर्णीय निर्मात्याचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट मानला जातो. मात्र शेतकऱ्यांना शेअर विकणाऱ्या माणसाला जे स्वातंत्र्य होते, ते या भागीदारीत उरले नाही. १९४० नंतर ते पुन्हा कादंबरीलेखनाकडे वळले. १९४८ साली काढलेला ‘द बिट्रेयल’ हा तीन तासांहून लांब चित्रपट सपशेल पडला आणि १९५१ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट येथे त्यांचे निधन झाले.

प्रश्न : मिशो यांचे दोन बोलपट मी पाहिले. प्रकाशयोजना ओबडधोबड, नट संवादात अडखळतात आणि मध्येच कथेशी संबंध नसलेले नृत्य येते. त्यांचे कौतुक केवळ इतिहासापोटी होते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण टिपलेले दोष खरे आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. फिल्म महाग असल्याने दृश्य पुन्हा घेणे परवडत नसे, त्यामुळे अडखळलेला संवाद तसाच राही. सेट उभारण्याऐवजी ओळखीच्यांच्या घरांत चित्रीकरण होई. नाइटक्लबमधील नृत्य घालण्याचा हिशेबही सरळ होता : कलाकार तयार असत, तालमीचा खर्च नसे आणि प्रेक्षकांना ते आवडे. परंतु सर्वच दोष गरिबीच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’ (१९३८) या चित्रपटात कातडीच्या छटेवरून माणसांची प्रतवारी केल्याचा आरोप होऊन हार्लेममध्ये निदर्शने झाली आणि तो चित्रपट उतरवावा लागला. तो आरोप मला बऱ्याच अंशी रास्त वाटतो.

तरीही उत्तर ‘केवळ इतिहासापोटी’ असे नाही. ‘विदिन अवर गेट्स’मधील एक प्रसंग पाहावा. शिकलेली मुलगी आपल्या कूळ असलेल्या बापाचा हिशेब नीट मांडून देते आणि बाप तो घेऊन जमीनमालकाकडे जातो. मालकाला गोळी कोणी दुसराच घालतो, आळ मात्र बापावर येतो. इकडे जमाव आईबापांना फासावर चढवत असताना तिकडे मालकाचा भाऊ त्या मुलीवर तुटून पडतो, आणि या दोन घटना आळीपाळीने जोडून दाखवल्या आहेत. भाटकार आणि कूळ यांच्यातील हिशेबाच्या गोष्टी घरात ऐकलेल्या गोमंतकीय वाचकाला या प्रसंगाचा पूर्वार्ध समजावून सांगण्याची गरज नाही. हे संकलन करणाऱ्याला माध्यम कळत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. शिवाय आज उपलब्ध असलेल्या काही प्रती सेन्सॉरच्या कात्रीतून गेलेल्या आणि झिजलेल्या आहेत, त्यामुळे कथेतील प्रत्येक खळगा मिशो यांच्या माथी मारताना थोडे थांबावे.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ‘विदिन अवर गेट्स’पासून. तो अनेक दशके हरवलेला होता. पुढे स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ या नावाने त्याची प्रत सापडली आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ साली ती दुरुस्त केली. मूकपटात दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या स्पॅनिशमधून पुन्हा इंग्रजीत आणलेल्या असल्याने त्यांतील शब्द मिशो यांचेच आहेत असे समजू नये, आणि मध्यंतरी एक छोटा प्रसंग गहाळ आहे, हेही ध्यानात ठेवावे. त्यानंतर ‘बॉडी अँड सोल’ पाहावा. रोबसन यांची दुहेरी भूमिका असलेल्या त्या चित्रपटाचा शेवट पटत नसला, तर सेन्सॉरच्या वादाविषयी वर लिहिलेले आठवावे. बोलपट सवडीने पाहिले तरी चालतील.