अनेक निवेदकांची पुस्तकं वाचायला लागताना

सुरुवात ययातीपासून कर, खांडेकरांची, १९५९ची. तिघंच बोलतात, ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, आणि प्रत्येक प्रकरणावर नाव असतं म्हणून गोंधळ होत नाही. फक्त एक कर, देवयानीचा भाग आला की ययातीने तिच्याबद्दल जे सांगितलंय ते थोडा वेळ बाजूला ठेव आणि तिचं तिला बोलू दे, मग बघ तुझं मत किती हलतं ते. कोण खरं बोलतंय हे लगेच ठरवायला जाऊ नकोस, कोण काय गाळतंय ते बघ, खरी मजा तिथेच आहे!

मग मृत्युंजय घे. कर्ण तर बोलतोच, पण कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण पण, आणि मला विचारशील तर शोणाचा भाग घाईत वाचू नको, भावाच्या नजरेतला कर्ण फार जवळचा वाटतो.

ओरहान पामुकचं माय नेम इज रेड मात्र नंतर. त्यात पहिलंच प्रकरण विहिरीत पडलेलं प्रेत सांगतं, पुढे कुत्रा, झाड, नाणं, खुनीसुद्धा बोलतो. तिथे कोण काय म्हणालं ते पेन्सिलने मार्जिनमध्ये लिहीत जा, खुनी ओळखायला उपयोगी पडेल.