गिअर पडत नाही? आधी पायाखाली बघा

वाचकांचे प्रश्न : गाडीचं दुखणं

१ ऑक्टोबरला ताडोबा आणि पेंचचा कोअर भाग उघडला की नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या गॅरेजसमोर जिप्स्या उभ्या राहतात आणि या सदराकडे पत्रं यायला लागतात. या वेळची बहुतेक पत्रं क्लच आणि गिअरची आहेत. त्यात एक वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आलंय : ‘मिस्त्री म्हणतो, गिअर बॉक्स उतरवावा लागेल.’ फोर बाय फोर गाडीचा गिअर बॉक्स उतरवायचा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सोडा, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) मोकळा करा, खालचा आडवा मेंबर काढा. मजुरीतच माणूस अर्धा होतो. गरज असेल तर तेही करू, मी स्वतः त्याच कामावर पोट भरते. पण त्याआधी गाडी उभी असतानाच करता येतील अशा तपासण्या आहेत. त्या तुम्ही स्वतः करून मग मिस्त्रीकडे जा.

ताई, माझी सफारीची जिप्सी आहे. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता सुरू करून गिअर टाकतो तं एकही पडत नाही, रिव्हर्स टाकला की जोरात घर्रर्र होते. इंजिन बंद केलं की सगळे गिअर मस्त पडतात. मिस्त्री म्हणते गिअर बॉक्स खोलावा लागन. काय करू?
– एक वाचक, चिमूर

भाऊ, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर मस्त पडतात ना? मग गिअर बॉक्सला हात लावू देऊ नका. आतला काटा वाकला असता किंवा दांडी अडकली असती, तर इंजिन बंद असतानाही गिअर अडला असता. तुमच्या गाडीत क्लच दाबूनही इंजिन गिअर बॉक्सपासून सुटत नाही. आतला शाफ्ट फिरतच राहतो, आणि फिरत्या शाफ्टवर गिअर पडणार कसा? रिव्हर्सचा आवाज सगळ्यात मोठा, कारण पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी दोन भागांचा वेग जुळवणारी कडी) नसतो. तो चुगली सगळ्यात आधी करतो.

आता क्लच सुटत का नाही ते शोधू. पहिलं काम पायाखालचं. सीझनसाठी नवीन जाड मॅट टाकली असेल तर ती काढून बघा. हसू नका, पेडल मॅटवर टेकतं म्हणून पूर्ण दबत नाही अशा गाड्या माझ्याकडे दरवर्षी येतात आणि मी त्यांचे पैसे घेत नाही. मग पेडल हाताने हळू दाबा. सुरुवातीला थोडं सैल जायला हवं, नंतर जोर लागायला हवा. ही सैल चाल किती असावी ते गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेलं असतं. जास्त झाली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि अजिबात नसेल तर क्लचची प्लेट घसरते. जिप्सीला क्लचची वायर असते, तेल नाही. त्यामुळे खालच्या टोकाच्या नटाने ही चाल कमी-जास्त करता येते. वायरचे तार सुटलेत का, वेष्टण कुठे वितळलंय का, तेही बघून घ्या.

वेष्टण वितळलेलं दिसलं तर नुसती वायर बदलून मोकळे होऊ नका. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तपासा. ती तुटली किंवा गंजली की स्टार्टरचा मोठा करंट परतीची वाट शोधतो आणि मिळेल त्या धातूतून जातो. क्लचची वायर त्याला आयतीच सापडते. स्टार्टर मारताना वायर गरम लागली तर समजा, गुन्हेगार दुसराच आहे. पट्टी न बदलता नवीन वायर टाकली तर तीही तशीच जळेल.

सैल चाल बरोबर असेल तर पुढची तपासणी. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, चौथा गिअर टाकलेला, हँडब्रेक सोडलेला. एकाने क्लच तळापर्यंत दाबून धरायचा, दोघांनी मागून ढकलायचं. गाडी सरकली तर क्लच सुटतोय. जागची हलत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) चिकटली आहे. तुमच्या बाबतीत मला हाच संशय आहे. तीन महिने दमट हवेत उभी राहिलेली गाडी, फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर, त्यावर प्रेशर प्लेटचा (क्लचची प्लेट दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब. प्लेट चिकटणारच.

ती सोडवायला रिकामं मैदान हवं. समोर माणूस नको, भिंत नको. इंजिन सुरू करून चांगलं गरम होऊ द्या, मग बंद करा. टू व्हीलमध्येच (फक्त मागच्या चाकांवर) राहून दुसरा गिअर टाका, क्लच तळापर्यंत दाबा आणि तसाच धरून स्टार्टर मारा. गाडी धक्का देऊन चालायला लागेल, घाबरू नका. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर झटक्याने दाबा, झटक्याने सोडा, अधूनमधून ब्रेकला हलका पाय लावा. सुटली की ‘टक’ असा आवाज येऊन इंजिन मोकळं होतं. अशाने सुटली नाही तर पेडल आणि सीट यांच्यात लाकडी दांडका अडकवून रात्रभर क्लच दाबलेला ठेवा आणि सकाळी पुन्हा करा. तरीही नाहीच, तर उतरवा. पण मिस्त्रीला ‘क्लचसाठी उतरव’ म्हणा, ‘गिअर बॉक्स खोल’ म्हणू नका. या दोन कामांच्या बिलात फार फरक पडतो.

पुढच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी सुरू करा, चार वेळा क्लच दाबा-सोडा, शेडच्या आत-बाहेर करा.

माझी डिझेल जीप आहे, बागेत ट्रॉली ओढायला वापरतो. सकाळी छान चालते. दुपारी मात्र क्लच दोन-तीनदा पंप केल्याशिवाय गिअर पडत नाही. डब्यातलं तेल कमी होतं, मी टाकत राहतो, पण खाली जमिनीवर थेंबही दिसत नाही. तेल जातं कुठं?
– संत्रा बागायतदार, काटोल

दादा, पंप केल्यावर गिअर पडतो म्हणजे तुमची प्लेट, बेअरिंग बहुधा ठीक आहेत. दुखणं तेलाच्या लाइनीत आहे. तुमच्या जीपला जिप्सीसारखी वायर नाही; पेडलजवळचा वरचा सिलिंडर तेल ढकलतो आणि त्या जोरावर गिअर बॉक्सजवळचा खालचा सिलिंडर क्लच सोडवतो. तेलात हवा शिरली की तुमचा पाय आधी ती हवाच दाबतो आणि खालच्या सिलिंडरपर्यंत पुरेसा जोर पोचत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला थोडा पोचतो, तेवढ्यात गिअर पडतो.

तेल कुठं जातं? गाडीच्या आत. ड्रायव्हरच्या बाजूला खाली बसा, बॅटरीचा उजेड पेडलच्या वरच्या टोकाकडे मारा. वरच्या सिलिंडरचा दांडा जिथून आत येतो तिथं बोट फिरवा. ओलं लागलं तर सिलिंडरचं रबर गेलंय, आणि तेल पत्र्यावरून ओघळून मॅटखालच्या नमद्यात जिरतंय. म्हणून जमीन कोरडी. तिथला रंग सोलला असेल तर शंकाच नको, क्लचच्या लाइनीत ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं. मग गाडीखाली जाऊन खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने मागे सारून बघा. आत थेंब सापडला तर तोही गेला. काही नव्या गाड्यांत हा खालचा सिलिंडर गिअर बॉक्सच्या घंटेत (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणात), बेअरिंगसकट बसवलेला असतो. तिथे मात्र उतरवण्याला पर्याय नाही.

कुठेच ओलं नाही आणि तेलही कमी होत नाही, पण व्हरायटी चौकात सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहिलं की गाडी हळूच पुढे सरकायला बघते, अशीही एक तक्रार असते. तिथे वरच्या सिलिंडरच्या आतलं रबर झिजलेलं असतं आणि तेल आतल्या आत मागे परततं.

दुपारीच त्रास का, याचं उत्तर तेलाच्या वयात सापडेल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं कोरडं डॉट ३ प्रकारचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. ओल शिरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ इतके खाली येऊ शकतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, तुमची जीप ट्रॉली ओढतेय आणि क्लचची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेलेली. जुनं तेल तिथे वाफ धरतं. म्हणून वरून भर घालणं थांबवा, सगळं तेल बदला. झाकणावर जे डॉट लिहिलंय तेच घ्या, सीलबंद डबा घ्या. शेजाऱ्याकडची अर्धी बाटली नको. इंजिन ऑइल किंवा डिझेल चुकूनही टाकू नका, रबरं फुगून सगळी लाइन बाद होते.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक खालच्या सिलिंडरच्या निप्पलवर (हवा काढायच्या छोट्या बोल्टवर). वरचा दाबून धरतो, खालचा निप्पल उघडतो, बुडबुडे आणि तेल बाहेर येतं, निप्पल बंद होतं, मगच वरचा पाय उचलतो. निप्पल उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत. डबा मध्येच रिकामा होऊ द्यायचा नाही. आणि एक नक्की बघा : पुष्कळ गाड्यांत क्लचचं तेल ब्रेकच्याच डब्यातून येतं. तुमचीही तशी असेल तर ब्रेकचंही तेल कमी होतंय, हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

हवा काढून, रबरं बदलूनही गिअर अडतच असेल तर मोजपट्टी घेऊन खालच्या सिलिंडरचा दांडा किती सरकतो ते मोजा. पुस्तकातल्या आकड्याइतका सरकत असेल आणि तरीही अडत असेल तर दोष आत आहे : प्लेट वाकलेली, प्रेशर प्लेटची बोटं झिजलेली. मग मिस्त्री ‘उतरवा’ म्हणाला तर तो बरोबर आहे.

ताई, आम्ही काही मैत्रिणी रविवारी रामटेककडच्या कच्च्या वाटांवर गाडी नेतो. मागच्या वेळी चिखलातून निघताना जळका वास आला. आता चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. गॅरेजवाला म्हणतो, ‘मॅडम, काही नाही झालं, तुम्ही चालवता तसंच.’
– एक वाचक, मनीष नगर

गॅरेजवाल्याला हे करून दाखवायला सांगा. मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढायचा, चौथा गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, आणि क्लच हळूहळू सोडायचा. निरोगी क्लच असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. पाय पूर्ण सुटला आणि इंजिन आरामात चालूच, तर प्लेट घसरतेय. ही तपासणी एकदाच करा, पुन्हापुन्हा केली तर उरलेली प्लेटही जाईल.

प्लेट घसरतेय म्हणजे झिजलीच असं मात्र नाही. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावरच घसरत असेल तर खालचा निप्पल क्षणभर सैल करून घ्या. घसरणं थांबलं तर प्लेट ठीक आहे. वरच्या सिलिंडरचं परतीचं भोक बुजलंय किंवा दांड्याला सैल चालच उरलेली नाही, त्यामुळे तेल अडकून क्लच अर्धवट दाबलेला राहतो. त्यानंतर हवा काढून घ्यायला विसरू नका. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या सांध्याखाली तेल ठिबकतंय का तेही बघा. ठिबकत असेल तर सील गळून प्लेट तेलकट झाली असेल. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला नाही. कोणतं सील गेलंय ते नाकच सांगतं. सील न बदलता नवी प्लेट टाकू नका.

आणि चिखलाबद्दल. वास आला तेव्हा गाडी फोर लोमध्ये (चारही चाकं, कमी वेगाची जास्त जोराची रेंज) होती का? माझा अंदाज, नव्हती. आपली काळी माती ओली झाली की चाकाला सोडत नाही. अशा वेळी हाय रेंजमध्ये हाफ क्लचवर इंजिन ओरडवत राहिलं की सगळी ताकद उष्णता होऊन प्लेटमध्ये जाते. लो रेंजमध्ये चाकावरचा जोर साधारण दोन-अडीच पट होतो, क्लच लगेच पूर्ण सोडता येतो आणि वास येण्याची वेळच येत नाही. लो टाकायचा तो गाडी थांबवून, चिखलात शिरायच्या आधी. पाण्यातून जातानाही लोच्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच शिरा आणि पलीकडे निघेपर्यंत क्लचला पाय लावू नका. दाबलात तर प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये पाणी-गाळ शिरायला फट मिळते.

बाकी ‘तुम्ही चालवता तसंच’ हे वाक्य माझ्या गॅरेजात कोणी ग्राहकाला, बाई असो की बुवा, म्हटलं तर त्याला मी त्या दिवशी पार्ट धुवायला बसवते.

शेतातून निघून डांबरी रस्त्याला लागलो, आता फोर लोमधून दांडी निघतच नाही. ट्रान्सफर केस गेला काय?
– उमरेड

नाही गेला. अशा गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो. कोरड्या डांबरावर वळलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मधल्या शाफ्टांमध्ये पीळ बसतो. दांडीवर जोर करू नका. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, क्लच दाबा, दांडी हलकी ओढा. नाही निघाली तर एका बाजूची चाकं मातीत उतरवून पुन्हा करा. डांबरावर येण्याआधीच टू व्हील करायची सवय लावा.

थंडीत सकाळी दुसरा गिअर कुरकुरतो, गाडी तापली की थांबतो. दुकानदार म्हणतो जीएल-५ गिअर ऑइल घाला, जीएल-४ पेक्षा वरचं आहे.
– हिंगणा रोड

वरचं नाही, वेगळं आहे. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरांसाठी. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. काही तेलांत ती सिंक्रोमेशच्या पितळी कड्यांना त्रास देतात, शिवाय त्या कड्यांना पकडायला लागणारं घर्षणही कमी होतं. गाडीच्या पुस्तकात गिअर बॉक्सला जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च घाला, दाटपणाही तिथलाच, म्हणजे ७५डब्ल्यू-९० असेल तर तोच. डिसेंबरात पहाटे पारा १० च्या आसपास आला की दाट तेल कड्यांमधून लवकर सरकत नाही. थोडं कुरकुरणं तेवढ्यापुरतं असतं, पहिला किलोमीटर हळू चालवा. गाडी तापल्यावरही दुसऱ्यात खाली येताना कुरकुर राहिली तर कडी झिजली आहे. तोवर डबल क्लच मारून दिवस काढता येतात : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून दुसरा.

तेल बदलताना आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडून बघा, मगच खालचा. जुन्या गाड्यांत वरचा बोल्ट गंजून बसलेला असतो. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी टोचन करूनच आणावी लागते.