पावसात बाईकच्या हँडलची ग्रिप हातात फिरते, फेविक्विक लावूनही सुटते. कायमची कशी बसवावी?

तुम्ही लिहिलंय की जूनपासून डावी ग्रिप दोनदा सुटली, गॅरेजवाल्याने फेविक्विक टाकून दिलं आणि आठवड्यात पुन्हा फिरायला लागली. वरच्या स्पंजच्या कव्हरबद्दलही विचारलंय. हा उद्योग मी स्वतः केलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी भांडुपहून लोअर परळला रोज बाईकने जाते. दोन वर्षांपूर्वी जुलैत, एलबीएस मार्गावर कांजूरच्या आसपास, क्लच दाबलेला असताना पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि डावी ग्रिप दोनेक इंच बाहेर सरकली. हात हँडलवरून निसटता निसटता राहिला. मागे ट्रक होता. त्या दिवसापासून ग्रिप मी दुसऱ्या कोणाला बसवू देत नाही. बसवणाऱ्याला पाच मिनिटांत पुढची गाडी घ्यायची असते आणि या कामाला सुकायचा वेळ धरून अख्खा दिवस लागतो.

फेविक्विक का टिकत नाही ते आधी सांगते. ते ओलाव्याने झटकन आवळतं, त्यामुळे मुंबईच्या हवेत ग्रिप अर्ध्यावर असतानाच पकडतं. वर ते वाळल्यावर काचेसारखं कडक होतं, तर रबर सतत दबतं, ताणलं जातं. दोन दिवसांच्या खड्ड्यांत त्याचे तुकडे पडतात. आता ते तुकडे हँडलच्या दांड्यावर आहेत आणि त्यांच्यावर काहीही लावलं तरी ते तुकड्यांना चिकटेल, दांड्याला नाही.

म्हणून खरं काम साफसफाईचं आहे. ग्रिप टाकूनच द्यायची असेल तर कटरने लांबीत चिरा आणि सोलून काढा. डावीकडे खाली स्टीलचा दांडा असतो, तिथे थोडं लागलं तरी चालतं. उजवीकडे दांड्यावर रेसचा, म्हणजे एक्सिलेटरचा, फिरणारा प्लास्टिक पाइप असतो, तिथे पातं अगदी हलक्या हाताने चालवा. पाइप चिरला तर तोही बदलावा लागेल. ग्रिप वाचवायची असेल तर मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणि एक सिरिंज आणा. बोथट पातळ स्क्रू-ड्रायव्हर ग्रिपखाली सरकवून फट करा, त्या फटीत स्पिरिट सोडा आणि ग्रिप पिळत ओढा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे स्वयंपाकघरात करू नका.

आता दांडा बघा. पाणी आतल्या कडेने आणि टोकाकडून शिरतं आणि रबराखाली कोंडून राहतं. माझ्या दांड्यावर गंजाची भुकटी होती, म्हणजे ग्रिप त्या भुकटीवर बसलेली होती. गंज आणि जुना गोंद पॉलिश पेपरने काढा, मग स्वच्छ फडक्याने स्पिरिट फिरवा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. दांडा खरवडून मुद्दाम खडबडीत करा असा सल्ला बरेचजण देतात. मला तो पटत नाही, कारण क्रोम गेलं की आपल्या खाऱ्या हवेत तिथूनच पुन्हा गंज धरतो.

नवी ग्रिप घेताना माप नीट बघा. आपल्याकडच्या बहुतेक बाईकचा दांडा २२ मिलिमीटरचा असतो. उजवीकडे त्याच्यावर पाइप चढतो, म्हणून उजव्या ग्रिपचं भोक दोन-तीन मिलिमीटर मोठं असतं. जोडीतली उजवी ग्रिप चुकून डावीकडे चढवली तर ती मुळातच सैल बसते. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. तुमचीही डावीच वारंवार सुटतेय, तेव्हा हे पहिल्यांदा तपासा. कोरडी ग्रिप कोरड्या दांड्यावर विनासायास सरकत असेल तर ती चुकीची आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घेणार असाल तर नुसतं ‘ग्रिप द्या’ म्हणू नका, गाडीचं मॉडेल सांगा आणि दोन्हींची भोकं शेजारी धरून बघा.

बसवताना साबणाचं पाणी, तेल, ग्रीस यांतलं काही नको. साबण आत राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा निसरडा होतो. तेलाने रबर फुगतं. पेट्रोलनेही रबर खराब होतं, शिवाय आगीची भीती. हेअर स्प्रे मी वापरून पाहिलाय. ओला असताना घसरतो, वाळल्यावर चिकटतो, कोरड्या हवेत उत्तम. पण जो थर केसांतून पाण्याने निघतो तो आपल्या चार महिन्यांच्या पावसात कसा टिकणार? मी ग्रिप ग्लू वापरते. तो नसेल तर पंक्चर काढायचं रबर सोल्यूशनही चालतं. दांड्यावर पातळ थर द्या, ग्रिपच्या तोंडात आतून गोंदाचं बोट फिरवा आणि गोंद ओला आहे तोवर पिळत पिळत एका दमात आत ढकला. मध्ये थांबलात तर अडकलात. नक्षी सरळ करायला काही सेकंदच मिळतात.

उजवीकडे मात्र जास्त जीव लावून काम करा. ग्रिप आत सरकून स्विचच्या डब्याला घासली किंवा बाहेर सरकून हँडलच्या टोकाला बसवलेल्या वजनाला टेकली तर रेस सोडल्यावर परत येत नाही. गाडी पळत राहते. दोन्ही बाजूंना रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी तरी फट ठेवा आणि पाइपच्या तोंडाशी ओघळलेला गोंद लगेच पुसा. मग रेस पूर्ण पिळून सोडा, ती टक्कन जागेवर यायला हवी. गोंद सुकल्यावर न्यूट्रलमध्ये गाडी चालू करून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. नुसत्या वळवण्याने इंजिनाचा आवाज चढला तर एक्सिलेटरची केबल ओढली जातेय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

गोंदाला पावसाळ्यात पूर्ण २४ तास द्या. मी शनिवारी संध्याकाळी बसवते आणि रविवारी गाडीला हात लावत नाही.

एवढ्यानेही समाधान होत नसेल तर तार बांधा. मातीच्या ट्रॅकवर रेस करणारे हेच करतात. बऱ्याच ग्रिपवर गोल खाचा असतात त्या याचसाठी. ०.८ मिलिमीटरच्या आसपासची स्टेनलेस तार खाचेत दोन वेढे घालून पकडीने पिळायची, टोक आखूड कापायचं आणि वाकवून रबरात पूर्ण रुतवायचं. टोक तळव्याच्या बाजूला येऊ देऊ नका. वर आलेली तार हातमोजाही फाडते आणि बोटही. साधी लोखंडी तार घेऊ नका, एका पावसाळ्यात कुजते.

आणि तुम्ही विचारलेल्या स्पंजच्या कव्हरबद्दल: ते काढून टाका. ते पाणी धरून ठेवतं, मूठ जाड करतं आणि लहान हाताच्या माणसाची बोटं क्लचपर्यंत नीट पोचत नाहीत. खालची ग्रिप सैल झालीय हेही त्याच्याखाली कळत नाही. माझ्या हँडलवर तेव्हा तेच कव्हर होतं.