लग्नाची एफडी आणि मुलीच्या सहीचं कर्ज

घोडबंदर रोडवरच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५७, वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर, पगार हातात ६८ हजार. पुढच्या वर्षी ५८ पूर्ण झाले की निवृत्ती. पत्नी घरीच. एकुलती मुलगी २६ वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग, पगार ४२ हजार. येत्या जूनमध्ये ती सिस्टर (नन) होण्यासाठी एका कॅथलिक धर्मसंघात दाखल होते आहे. ते विचारतात, "तिच्या लग्नासाठी १४ लाखांची एफडी केली होती. ती आता संघाला देणगी द्यावी, की मुलीच्या नावावर करावी? करसवलत कशात मिळेल?"

प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत होतं. देणगी आत्ता देऊ नका, मुलीच्या नावावरही करू नका. नवी करप्रणाली घेतली असेल तर देणगीवरची ८०जीची सवलत मुळात नाहीच.

खरा प्रश्न तुम्ही पत्राच्या तळाशी 'इतर माहिती' म्हणून उरकलाय. साडेचार वर्षांपूर्वी तुम्ही टू बीएचके घेतला. कर्ज ५५ लाख, २० वर्षांचं. तुमच्या वयाला बँक एवढी मुदत देईना म्हणून मुलीला सहकर्जदार केलं. तेव्हा तिला नोकरी लागून सहा महिने झाले होते. हप्ता ४८ हजार, त्यातले २५ हजार ती भरते. अजून ४९ लाख बाकी आहेत आणि कर्ज फिटेल तेव्हा तुम्ही ७३ वर्षांचे असाल.

जूनमध्ये तिचा पगार थांबला की ६८ हजारांतून ४८ हजारांचा हप्ता जाणार. उरलेल्या २० हजारांत घर चालवायचं, तेही वर्षभरच. मग निवृत्ती. त्यानंतर ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन येईल ती चार हजारांच्या घरात.

यावर तुम्ही बायबलमधल्या आकाशातल्या पाखरांचा दाखला दिलाय, देव त्यांनाही खाऊ घालतो म्हणून. तुमच्या श्रद्धेवर बोलायचा मला अधिकार नाही. पण पाखरांच्या नावावर गृहकर्ज नव्हतं.

आता जी गोष्ट तुम्हाला बहुधा कोणी सांगितली नाही ती सांगतो. माझ्या ओळखीच्या एका फादरना फोन करून मी खात्री करून घेतली. चर्चचा १९८३चा कायदा, कॅनन लॉ, त्याच्या ६४४व्या कलमात म्हटलंय की जिच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ते फेडायची ऐपत नाही, अशा व्यक्तीला नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणात, घेऊ नये. सहकर्जदार म्हणजे नुसती साक्षीची सही नव्हे. तुमचा हप्ता चुकला तर बँक पूर्ण ४९ लाखांसाठी तिच्याकडे बोट दाखवू शकते. म्हणजे तिच्या पाचारणाच्या, देवाच्या हाकेच्या, वाटेत तुमचा फ्लॅट उभा आहे. पहिलं वर्ष-दीड वर्ष ती उमेदवार असेल. नॉव्हिस व्हायच्या आत हे नाव कर्जातून निघायला हवं.

ते नुसता अर्ज करून निघणार नाही. एकट्या ५७ वर्षांच्या माणसाच्या पगारावर एवढं कर्ज ठेवायला बँक तयार होणार नाही. सगळं फेडायचं म्हटलं तर पीएफ ३१ लाख, ग्रॅच्युइटी ७ लाख, एफडी १४ लाख, मिळून ५२ लाख होतात. त्यातले ४९ गेले की दोघांच्या म्हातारपणाला तीन लाख उरतात.

म्हणून फ्लॅट विका. तुम्ही किंमत ९५ लाख लिहिलीय. कर्ज आणि विक्रीचा खर्च वजा जाता ४४ लाख हातात येतील. कल्याण-बदलापूरकडे ४० लाखांच्या आत, कर्जाशिवाय वन बीएचके घ्या. नफ्यावरचा कर ठरल्या मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवणूक केली की सुटतो, पण मालकीत मुलगी आहे, तेव्हा तिच्या वाट्याचा हिशेब सीएकडून वेगळा करून घ्या. विक्रीच्या कागदांवर तिची सही लागेल. ती परराज्यातल्या मठात गेल्यावर मुखत्यारपत्रासाठी धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच दलालाला फोन लावा.

असं केलं तर ५२ लाख शाबूत राहतात. पीएफ-ग्रॅच्युइटीतले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. ५५ ते ६० वयाच्या निवृत्तांनाही ती खुली असते, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ठरलेल्या मुदतीत. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिना साडेवीस हजार येतात. पेन्शन धरून साडेचोवीस. तुमचा खर्च ३५. उरलेले साडेदहा हजार बाकीच्या २२ लाखांतून काढता येतील, पण त्यातले पाच लाख आजारपणासाठी बाजूला ठेवून. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपतो आणि पत्नीला मधुमेह आहे. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरीत असतानाच करा.

आता तुम्ही घेतलेल्या 'गॅरंटीड इन्कम' विमा पॉलिसीबद्दल. बँकेतल्या मुलाने सांगितलं की मुलगी सिस्टर झाली तरी तिला पेन्शन हवीच. तुम्ही तिच्या नावावर दरसाल २ लाखांचे दोन हप्ते भरलेत, आठ बाकी आहेत. बारा वर्षांनंतर पंचवीस वर्षं दरसाल १ लाख ९० हजार आणि शेवटी २० लाख परत. परतावा निघतो पावणेसहा टक्के. इकडे साडेआठ टक्क्यांनी कर्ज फेडताय! आणि गंमत अशी की ती पेन्शन तिला मिळणारच नाही. कलम ६६८ सांगतं की व्रतस्थ व्यक्तीला पेन्शन, अनुदान किंवा विम्याच्या रूपाने जे मिळतं ते संघाचं होतं, संघाच्या नियमांत वेगळं म्हटलं नसेल तर. त्या मुलाने टार्गेट पूर्ण केलं, त्याला कॅनन लॉ कुठून माहीत असणार? सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आत्ता बंद केली तर मिळणारी रक्कम, लेखी मागवा. चार लाखांतलं बरंच बुडेल, तरी पुढचे १६ लाख भरू नका.

पत्रात 'तिचं मन बदललं तर' हे शब्द दोनदा आलेत. वडील म्हणून ते येणारच. पण फ्लॅट धरून ठेवण्यामागे तीच आशा असेल, तर ती महिना ४८ हजारांची आशा आहे. मात्र परतीची सोय ठेवणं वेगळं, आणि ती चर्चच्या कायद्यातही आहे. नॉव्हिशिएट किमान एक वर्ष, मग तीन ते सहा वर्षं तात्पुरती व्रतं, नंतर कायमची. पहिल्या व्रतांआधी ती आपल्या मालमत्तेची व्यवस्था कोणाकडे तरी सोपवते, मालकी साधारणतः तिचीच राहते. मृत्युपत्र कायमच्या व्रतांआधी करायचं असतं. मधेच बाहेर पडली तर केलेल्या कामाचा मोबदला मात्र मागता येत नाही, असं कलम ७०२ म्हणतं. तिशी ओलांडलेली नर्स, त्या वर्षांचा पीएफ शून्य.

म्हणून फ्लॅटच्या व्यवहारात उरणारे चार लाख तिच्या खात्यात राहू द्या. ते तिचेच आहेत. महिना २५ हजार, साडेचार वर्षं, साडेतेरा लाख रुपये तिने या घरात घातलेत. म्हणजे ज्या १४ लाखांचं काय करू म्हणून तुम्ही विचारताय, जवळपास तेवढेच तिने तुम्हाला आधीच दिलेत.

आणखी एक, हेही तुम्ही विचारलेलं नाही. दोघंही मृत्युपत्र करा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर तुमच्या मागे पत्नीला एक तृतीयांश मिळतं आणि मुलीला दोन तृतीयांश. नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव असलं तरी तेवढ्याने ती मालक होत नाही. मुलीने कायमची व्रतं घेतल्यावर तिच्या दोन तृतीयांशाचं काय होईल ते संघाच्या नियमांवर ठरेल, आणि तेव्हा तुमची पत्नी कदाचित सत्तरीत असेल.

कर्जाची बाकी किती हे मुलीला माहीत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. 'तिच्या मनावर ओझं नको' म्हणून सांगितलं नाही म्हणे. या रविवारी मिस्साहून आल्यावर तिच्यापुढे कर्जाचं स्टेटमेंट ठेवा. सही तिचीही आहे.