यंदा फुल मॅरेथॉन नको, घरात दोन धावणारी माणसं हवीत

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे, पुण्यात सिंहगड रोडला राहतो, आयटीत नोकरी करतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. गेल्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) २ तास ५ मिनिटांत केली. आता जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन (४२ किलोमीटर) साडेचार तासांत करायची आहे. ॲपने आठवड्यातले पाच दिवस धावायचा प्लॅन दिला आहे. बाळ रात्री दोनदा तरी उठतं, त्यामुळे झोप कधी कधी पाच तासही होत नाही. रविवारी लाँग रन करून घरी येईपर्यंत साडेनऊ वाजतात आणि वातावरण तापलेलं असतं. बायकोही आधी धावायची, आमची ओळखच तळजाई टेकडीवर झाली, पण आता तिला वेळ मिळत नाही. मला धावणं सोडायचं नाही आणि घरात भांडणंही नकोत. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘बायकोही आधी धावायची’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच अडकले. बाकी सगळ्याचं उत्तर त्यात आहे.

आधी निर्णय सांगून टाकते. यंदा फुल करू नका. हाफ करा आणि दोन तासांच्या आत करा.

कारण साधं आहे. तुमच्या हाफच्या वेळेवरून हिशेब केला तर साडेचार तास अशक्य नाहीत, किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंदांचा वेग लागेल. पण मुंबई म्हणजे जानेवारीतही दमट हवा, आणि धावणाऱ्यांची खरी परीक्षा बरीच वर्षं घेत आलाय तो परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ. तोवर पस्तीसेक किलोमीटर पायांत गेलेले असतात. त्यासाठी तीस-बत्तीस किलोमीटरच्या दोन-तीन लाँग रन हव्यातच. किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगाने तीस किलोमीटर म्हणजे साडेतीन तास. त्यात जाणं-येणं, आंघोळ, खाणं आणि दुपारी डोळ्यांवर येणारी झापड धरा. तुमचा रविवार संपला, आणि त्या घरातल्या दुसऱ्या माणसाचाही.

शिवाय झोप. पाच तास झोपून ७० किलोमीटरचा आठवडा काढणाऱ्या माणसाची नडगी, पोटरी किंवा टाच कुरकुरायला लागलेली मी धावणाऱ्यांच्या गटात सतत बघते. धावल्याने शरीर आधी मोडतं, भरून निघतं ते झोपेत. बाळ झोपू देत नसेल तर किलोमीटर कमी करायचे, दुसरा इलाज नाही. रात्र फारच वाईट गेली असेल तर त्या दिवशीचा वेगाचा सराव रद्द करा, वीस मिनिटं चाला आणि परत येऊन पडा.

मग हाफसाठी काय? आठवड्यात तीन दिवस पुरतात. मंगळवारी तळजाईच्या मातीच्या वाटांवर ४५-५० मिनिटं, बोलता येईल इतक्या सावकाश. गुरुवारी कसून : दहा मिनिटं हळू, मग आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे किलोमीटरला पावणेसहा मिनिटांच्या आसपास, मध्ये दोन मिनिटं जॉग. रविवारी १४ ते १६ किलोमीटर, दोन तासांच्या आत. दर चौथ्या आठवड्यात सगळं तिसऱ्या हिश्शाने कमी. घरी दोनदा वीस मिनिटं स्क्वॉट (उठाबशा), लंज (एक पाय पुढे टाकून खाली वाकणं), काफ रेज (टाचा उचलणं). मुलगी पाठीवर बसायला तयार असते, बसू द्या. दोन तासांच्या आतल्या हाफसाठी किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात. पावणेसहाचे तुकडे आज जड वाटतील, दोन महिन्यांनी नाही वाटणार.

रविवारी पाचला बाहेर पडा म्हणजे साडेसातच्या आत घरात असाल. पहाटे बाळ उठू नये म्हणून मी काय करायचे ते सांगते. बूट, मोजे, घड्याळ, टोपी सगळं रात्रीच बाहेरच्या खोलीत. घड्याळाचा गजर बंद, फक्त कंप. दाराच्या कडीला खोबरेल तेलाचे दोन थेंब, कारण आमचा धाकटा नेमका त्या ‘खट्’ला जागा व्हायचा. केळं जिन्यात खायचं, घरात सालीचा आवाजही नको. परत आल्यावर मात्र सोफ्यावर आडवं व्हायचं नाही. घोटभर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, गूळ-शेंगदाणे, आणि मुलं ताब्यात घ्यायची. तुमच्या घरातलं वातावरण धावण्याने तापत नाहीये. धावून आलेला माणूस नंतर उपलब्ध नसतो, त्याने तापतंय.

आता तुमच्या पत्नी. ‘वेळ मिळत नाही’ असं तुम्ही लिहिता. वेळ तुम्हालाही मिळत नव्हता, तुम्ही तो काढलात आणि तो त्यांच्या वाट्यातून आला. हे मी दुखवायला लिहीत नाहीये, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बुधवार आणि शनिवारची पहाट त्यांची. विचारून नव्हे, कॅलेंडरवर लिहून. त्या दोन दिवशी बाळ उठलं तर तुम्ही उठायचं, आणि त्या बाहेर असताना ‘डायपर कुठे आहेत’ असा फोन जाता कामा नये.

बाळंतपणाला दहा महिने झालेत, तरी त्यांनी एकदम पाच किलोमीटर पळू नये. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी बाळंतपणानंतर पुन्हा धावण्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यानुसार पहिले तीन महिने धावायचं नाही. नंतरही अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा उड्या हे वेदना न होता, लघवी न गळता, खाली जडपणा न वाटता जमायला हवं. यातलं काहीही जाणवलं तर ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. पेल्व्हिक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम करणाऱ्या फिजिओला दाखवा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. अंगावर पाजत असतील तर निघण्याआधी पाजून निघावं, मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही. सुरुवात एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चाल, अशी.

तुम्हा दोघांनाही वाटत असेल की वय निघून चाललंय. सिनेड डायव्हर ही आयर्लंडमध्ये जन्मलेली ऑस्ट्रेलियन धावपटू. पहिलं मूल झाल्यावर, तेहतिसाव्या वर्षी ती धावायला लागली. टोकियो ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये ती दहावी आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, वॅलेन्सियात २:२१:३४ अशी वेळ देऊन तिने ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम केला. अमेरिकेची कीरा डमॅटो धावणं सोडून बसली होती. दोन मुलं झाल्यावर परतली आणि जानेवारी २०२२ मध्ये ह्यूस्टनला २:१९:१२ मध्ये तिने त्या वेळचा अमेरिकन विक्रम केला. ही असामान्य माणसं आहेत, हे मला कळतं. पण लांब पल्ल्याची ताकद वर्षानुवर्षांच्या सरावाने साठत जाते, हे त्यांच्याइतकंच तुम्हालाही लागू आहे. छत्तिशीत एक जानेवारी सोडल्याने तुमचं काही बिघडत नाही. ताण-फ्रॅक्चर होऊन सहा महिने बसलात तर बिघडेल.

बाळ दीड-दोन वर्षांचं होईल, रात्रभर झोपायला लागेल, तेव्हा फुलची तयारी सुरू करा. तीन दिवसांचे चार करा आणि लाँग रन दोन-दोन किलोमीटरने वाढवा. सप्टेंबरनंतरच्या लांबलचक रविवारांसाठी आजी-आजोबांना किंवा एखाद्या शेजारणीला आत्ताच बोलून ठेवा. तोवर तुमच्या पत्नीचा दहा किलोमीटरचा सराव झालेला असेल, म्हणजे घरातल्या पहाटा पुन्हा वाटून घ्याव्या लागतील. ते बोलणं त्याच वेळी करा, दोघांची कॅलेंडरं समोर ठेवून.

त्यांना स्वतःच्या सुरुवातीबद्दल काही विचारायचं असेल तर वेगळं पत्र पाठवायला सांगा. त्यांच्या पहिल्या आठ आठवड्यांचा सराव मी तपशिलात लिहून देईन.