जुन्या जीपचे डिझेल आणि टेम्परेचरचे दोन्ही काटे एकदमच वर का जातात?

दादा, दोन्ही काटे एकाच वेळी चुकतायत म्हणजे टाकीतल्या, डिझेल किती आहे ते दाखवणाऱ्या फ्लोटला आणि इंजिनवरच्या सेन्सरला आधी हात लावू नका. दोन्ही एकाच दिवशी कशाला बिघडतील? संशय घ्यायचा तो मीटरमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर. जुन्या गाड्यांत या छोट्या पत्र्याच्या डबीतून दोन्ही काट्यांना बेताचा करंट मिळतो. आत तापून वाकणारी पट्टी असते, ती करंट तोडत-जोडत राहते. डबीचं अर्थिंग गेलं की पट्टी तापतच नाही, काट्यांना सरळ १२ व्होल्ट मिळतात आणि दोन्ही वर चढतात. उलट पट्टीचे पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी टोकं, उघडे अडकले तर दोन्ही मेलेले.

डबीच्या आउटपुटला टेस्ट बल्ब लावा. लुकलुकला तर डबी चालू आहे, सलग पेटला तर अर्थिंग नीट मिळावं म्हणून आधी डबीखालचा गंज पॉलिश पेपरने घासा. आमच्या साताऱ्याच्या पावसात, त्यात गाडी महाबळेश्वरला वरचेवर जात असेल तर, बहुतेक वेळा दुखणं तिथंच निघतं.

एकच काटा चुकत असता तर गोष्ट वेगळी, मग सेन्सरची वायर बघायची. मात्र टाकीजवळ ठिणगी पाडून तपासू नका. आणि तोवर घाटात टेम्परेचरच्या काट्यावर भरवसा नको, रेडिएटरचं पाणी बघून निघा.